हात कापतात, पण तो पार्किन्सन नाही: आपल्या खेड्यांमधील अनुभव हवे आहेत

वर्धाकाठ

नमस्कार. आमचे गाव आर्वी तालुक्यात आहे. माझे वडील ६७ वर्षांचे असून गेली अकरा वर्षे त्यांचे हात कापतात. मांडीवर ठेवलेला हात अगदी शांत असतो. पण कप उचलला, पेन धरला किंवा कुणाला पाण्याचा पेला द्यायला हात पुढे केला की थरथर सुरू होते. आमच्या आबाजींची मानही शेवटच्या काळात सतत 'नाही, नाही' म्हटल्यासारखी हलत असे. तेव्हा सगळ्यांनी ते म्हातारपणावर ढकलले.

आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे एखाद्या माणसाचा हात कापताना दिसला की लोक लगेच अर्थ लावतात. आयुष्यात ज्यांनी थेंबाला हात लावला नाही, त्या माझ्या वडिलांना पारावर एकाने सर्वांसमोर विचारले, "काहून गा भाऊ, सकायीच घेतली काय?" गावातील प्रत्येक लग्नात पंगतीला तूप वाढण्याचे काम पूर्वी त्यांच्याकडे असे. त्या दिवसानंतर त्यांनी ते सोडले आणि पुढे पंगतीला बसणेही सोडले. गेल्या महिन्यात पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी केलेली सही तालुक्याच्या बँकेत तीन वेळा जुळली नाही आणि आम्हाला रिकाम्या हाताने परत यावे लागले.

शेवटी नागपूरला एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी वडिलांना कागदावर शंखासारखे गोल गोल वळण काढायला लावले, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतायला सांगितले, चालायला लावले, आणि हा 'इसेन्शियल ट्रेमर' आहे, पार्किन्सन नाही, असे स्पष्ट सांगितले. परतीच्या बसमध्ये वडील बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाले, "म्हणजे हे माझ्या वागण्यानं नाही झालं."

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. औषधांचा तुमचा अनुभव काय आहे? बँकेतील सहीचा प्रश्न तुम्ही कसा सोडवला? आणि अशा माणसांना महिन्या-दोन महिन्यांतून एकत्र बसता येईल अशी काही सोय आपल्या भागात उभी करता येईल का? पुण्यात पार्किन्सन असलेल्यांसाठी मित्रमंडळ आहे. कंपाच्या रुग्णांसाठी आपल्याकडे तसे काही माझ्या पाहण्यात नाही.

माय_माझी_पवनी

माझ्या आईचे वर्णन वाचत आहे असेच वाटले. पुढील प्रतिसादांची वाट पाहते.

आरोग्यकेंद्र_यवतमाळ

वर्धाकाठभाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो, मेंदूविकारतज्ज्ञ नाही. तरीही ही गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे की थोडे सविस्तर लिहितो.

पार्किन्सनचा कंप बहुधा हात विसावलेला असताना दिसतो, एका बाजूने सुरू होतो, आणि त्याबरोबर हालचाली मंदावतात, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते. तुमच्या वडिलांचा कंप काम करताना येतो, दोन्ही हातांत असतो, आणि अशा माणसाचे अक्षर बारीक न होता मोठे व नागमोडी होते. 'इसेन्शियल' या शब्दानेही घोटाळा होतो. त्याचा इथे 'आवश्यक' असा अर्थ नाही. ज्यामागे दुसरा कोणताही आजार सापडत नाही असा, स्वतंत्रपणे उद्भवणारा कंप, एवढेच त्यातून सांगायचे असते. इटलीतील बुर्रेसी या वैद्यांनी १८७४ मध्ये हे नाव वापरले आणि ते टिकले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येनुसार दोन्ही हातांचा असा कंप किमान तीन वर्षे असावा लागतो आणि सोबत इतर मज्जाविकारांची लक्षणे नसावी लागतात. मान आणि आवाज यांतही कंप असू शकतो. तुमच्या आबाजींच्या मानेबद्दल वाचून म्हणूनच मला नवल वाटले नाही.

हा आजार दुर्मीळ मुळीच नाही. जगभरातील पाहण्या एकत्र केल्या तर सर्व वयोगटांत मिळून साधारण १ टक्का आणि ६५ वर्षांपुढे ४ ते ५ टक्के लोकांना तो असल्याचे दिसते. हे प्रमाण आपल्याकडे लावले तर दोन हजार वस्तीच्या गावात वीसेक माणसे निघतील. ती दिसत नाहीत, कारण ती पंगतीला येत नाहीत.

एक सूचना मात्र करतो. हात कापतो म्हणजे हाच आजार, असे घरबसल्या ठरवू नका. थायरॉइड वाढलेले असेल, दम्याचे सालब्युटामॉल सुरू असेल, फिट्सचे व्हॅल्प्रोएट किंवा मानसिक आजारावरील काही गोळ्या सुरू असतील, तरीही हात कापतात, आणि तेथे उपचार वेगळा असतो.

सुमन_दर्यापूर

डॉक्टरसाहेब, माझ्या सासूबाईंना 'कंपवात' सांगून दोन वर्षे कुयलीच्या बियांचे चूर्ण देण्यात आले. गुण काहीच आला नाही. उलट मळमळीमुळे त्यांचे जेवण तुटले आणि वजन उतरले. नंतर कळले की त्यांना पार्किन्सन नव्हताच. दोन वर्षे आम्ही त्यांनाच दोष देत होतो, की तुम्ही पथ्य पाळत नाही म्हणून गुण येत नाही. हे लिहिताना मला अजूनही अपराधी वाटते.

वैद्य_मेहकर

सुमनताई, मी स्वतः आयुर्वेदाचा चिकित्सक आहे आणि तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. खाजकुयलीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य नैसर्गिकरीत्या असते. मेंदूत त्याचे डोपामिन हे रसायन बनते आणि पार्किन्सनमध्ये तेच डोपामिन कमी पडते, म्हणून तेथे त्याचा परिणाम दिसतो. इसेन्शियल ट्रेमरमध्ये उणीव डोपामिनची नाही. मग लेव्होडोपा गोळीतून द्या किंवा बियांतून द्या, त्याचा उपयोग व्हायचा नाही. मात्र याचा दोष शास्त्राला न देता निदान न करता औषध देण्याच्या सवयीला द्यावा, अशी माझी विनंती आहे. 'कंपवात' हा शब्द आपल्याकडे सर्व प्रकारच्या थरथरीला सरसकट लावला जातो आणि घोळ तेथूनच सुरू होतो.

संत्राबाग_वरुड

मी आजवर कुठेही न लिहिलेली गोष्ट लिहितो आहे.

माझे वय ४४ आहे. शेंदूरजना घाट परिसरातील रोपवाटिकांमध्ये मी सतराव्या वर्षापासून जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधण्याचे, म्हणजे कलमे करण्याचे काम केले. ज्यांनी हे काम पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: खुंटाच्या सालीला चाकूने चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा अलगद सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. साल फाटली की डोळा जळतो. मजुरी लागलेल्या डोळ्यांच्या संख्येवर मिळते. बत्तिसाव्या वर्षी माझा चाकू थरथरू लागला.

एका लग्नात मोहाची दारू घेतली आणि अर्ध्या तासात हात दगडासारखा स्थिर झाला. मला वाटले, औषध सापडले. त्यानंतर कामाला जाण्यापूर्वी थोडी घेण्याची सवय लागली. दोन-तीन तास बरे जात आणि उतरल्यावर हात आधीपेक्षा जास्त कापत. मग पुन्हा घ्यायची. तीन वर्षांत माझे काम गेले आणि नावही गेले. लोक म्हणत की दारूमुळे याचे हात कापतात, आणि मी हात कापतात म्हणून पीत होतो, हे कुणाला सांगून पटणार नव्हते. पुढे दोन्ही गोष्टी खऱ्या झाल्या.

सेवाग्रामच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मला विचारले, "दारू सुरू होण्याआधी हात कापत होते का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. दारू सुटायला दीड वर्ष लागले आणि तेही दवाखान्याच्या देखरेखीखाली, कारण एकदम सोडली तर जिवावर बेतू शकते. आता प्रोप्रॅनोलॉल घेतो. कंप गेलेला नाही. निम्म्याच्या आसपास उतरला आहे. डोळे आता माझी पत्नी बांधते आणि मी फांद्या निवडतो, पट्ट्या कापतो, रोपांची नोंद ठेवतो. कोपर मांडीवर घट्ट टेकवून बसलो तर दिवसाला थोडे डोळे मीही बांधतो.

वर्धाकाठभाऊ, तुमच्या वडिलांना कुणी "थोडी घेऊन पाहा, हात थांबतो" असे सांगितले तर ते खोटे बोलत नसतात, म्हणूनच तो सल्ला जास्त धोक्याचा आहे.

आरोग्यकेंद्र_यवतमाळ

भाऊ, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. दारूने हा कंप तात्पुरता कमी होतो, हे वैद्यकातही मान्य आहे. पण "दारूने कमी झाला म्हणजे नक्की हाच आजार" असे ताडण्यासाठी कुणी घरी प्रयोग करू नये.

प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही पहिल्या पसंतीची दोन औषधे आहेत. दोन्ही जुनी आहेत, दोन्ही मुळात वेगळ्या आजारांसाठी तयार झाली होती, आणि सुमारे निम्म्या रुग्णांना त्यांचा समाधानकारक उपयोग होतो. दमा असणाऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांमध्ये साखर एकदम उतरली तर छातीत धडधड होण्याची खूण ते झाकून टाकते. आणि ते मनाने एकाएकी बंद करू नये. प्रिमिडोनच्या पहिल्याच गोळीने काहींना भोवळ, मळमळ आणि खूप गुंगी येते, म्हणून अगदी लहान मात्रा रात्री देऊन सुरुवात करतात. मानेच्या आणि आवाजाच्या कंपावर गोळ्यांचा परिणाम हातांच्या मानाने कमी असतो.

कोरडवाहू

माझे मत वेगळे आहे. साठी ओलांडलेल्या माणसाचा हात थोडा कापला तर त्याला नागपूरच्या खेपा, तपासण्या आणि आयुष्यभराची गोळी कशासाठी? आधीच बी-बियाण्यांच्या उधारीत बुडालेल्या घराला हा आणखी एक खर्च. आमच्या वडिलांचा हात वीस वर्षे कापला. त्यांनी पेला बदलून तांब्या घेतला आणि निभावले.

आरोग्यकेंद्र_यवतमाळ

तुमचे म्हणणे वैद्यकाला धरूनच आहे. जगण्यात अडचण येत नसेल तर औषध न घेणे हाही योग्य निर्णय असतो. पण अडचण आहे की नाही हे रुग्णाला विचारून ठरवावे. तुमच्या वडिलांनी निभावले. वर्धाकाठ यांच्या वडिलांनी पंगत सोडली.

पऱ्हाटी_वणी

थोडे विषयाच्या कडेचे विचारतो. आमच्याकडे कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचे हात कापतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून माझ्या भावाचा हात कापला की आई घाबरून जाते. हा तोच आजार असू शकतो का?

आरोग्यकेंद्र_यवतमाळ

विषबाधेची थरथर काही तासांत येते आणि एकटी येत नाही. दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, ओकारी, स्नायू फडफडणे, श्वासाला त्रास, असे सगळे सोबत दिसते. तेव्हा विषाच्या डब्यासह तडक रुग्णालय गाठावे. वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारा, फक्त काम करताना येणारा कंप ही वेगळी गोष्ट आहे. तुमच्या भावाचा हात हंगाम नसतानाही कापतो का, हे आधी पाहा.

शिक्षिका_दिग्रस

हा आजार केवळ म्हाताऱ्यांचा नाही, हे मला सांगायचे आहे. माझ्या दहावीच्या वर्गातील एका मुलाचा हात पेन धरताच कापतो. त्याच्या वडिलांचा आणि आत्याचाही कापतो. दोन वर्षे त्याच्या वहीवर 'अक्षर सुधारा' असा शेरा जात होता आणि तो शेरा देणाऱ्यांत मीही होते. त्याला उत्तर येते, पण तीन तासांत तो अर्धीच उत्तरपत्रिका लिहू शकतो.

पालकांसाठी एक उपयुक्त माहिती देते. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असे सांगितले. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा मज्जाविकार होता. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने लिहिण्यात अडचण असलेल्या, पण ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत दीर्घकालीन मज्जाविकारांची उदाहरणे म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, आपल्या आजाराचे नाही. त्यामुळे वैद्यकीय प्रमाणपत्रात 'हात कापतो' एवढेच न लिहिता लिहिण्यावर नेमका काय परिणाम होतो हे लिहून घ्यावे आणि अर्ज परीक्षेच्या कितीतरी आधी करावा. आम्ही तो नुकताच केला आहे.

खातेवही

मी बँकेत नोकरी केली आहे, म्हणून सहीबद्दल लिहितो. आजारी, वृद्ध किंवा सही करण्यास असमर्थ खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. अशा खातेदाराचा अंगठा घेता येतो आणि तो अंगठा बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो; त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सूचनेत हाताचा अंगठा शक्य नसल्यास पायाच्या अंगठ्याचीही तरतूद आहे.

पण वर्धाकाठभाऊ, तुमचे वडील सही करू शकतात, फक्त ती बदलली आहे. मग नमुना सही नव्याने नोंदवण्याचा लेखी अर्ज डॉक्टरांच्या पत्रासह द्या आणि पोच घ्या. सही छोटी, सुट्या अक्षरांची ठेवा आणि ती सकाळी, पोट भरलेले असताना, कोपर टेबलावर टेकवून करायला सांगा. मागे रांग लावून आणि "लवकर करा" म्हणून घाई करून घेतलेली सही कधीच जुळत नाही. अंगठा लावायचा की नाही हे मात्र वडिलांना ठरवू द्या. सातवी शिकलेल्या एका आजोबांना मी अंगठ्याची शाई पुढे केली होती. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "मी अंगठेबहाद्दर नाही, साहेब." तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

लेक_ब्रह्मपुरी

मला या आजाराचा सर्वांत मोठा त्रास सोयरिकीच्या वेळी झाला. पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे नेताना कपबशा वाजू लागल्या. पाहुण्यांतील एका बाईंनी "पोरगी भेली वाटते" असे म्हटले आणि माझ्या आईने "हो, भेली" असे उत्तर दिले. मी भ्यायले नव्हते. नंतर आईला म्हटले की पुढच्या स्थळाला आधीच सांगू; तिने साफ नकार दिला. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी, हे खरे आहे का? आणि तुम्ही सांगितले असते का?

सुमन_दर्यापूर

ताई, मी मुलीची आई आहे, म्हणून खरे सांगते. मी सांगितले नसते. आपल्याकडे एक गोष्ट सांगितली की धाकट्या बहिणीचीही सोयरीक अडते.

संत्राबाग_वरुड

मी सुमनताईंशी सहमत नाही. लपवलेली थरथर लग्नानंतर पहिल्या चहालाच दिसते, आणि मग प्रश्न आजाराचा न राहता फसवणुकीचा होतो. माझ्या घरी तेच झाले होते.

आरोग्यकेंद्र_यवतमाळ

ब्रह्मपुरीच्या ताई, अनेक घराण्यांत हा आजार तुम्ही म्हणता तशाच रीतीने, पिढ्यान्‌पिढ्या उतरताना दिसतो. पण एकाच घरात कुणाला तो विशीत येतो, कुणाला सत्तरीत, आणि कुणाचा इतका सौम्य असतो की त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. आयुष्य कमी करणारा हा आजार नाही आणि मूल होण्याच्या आड तो येत नाही. सांगायचे की नाही हे तुम्हीच ठरवाल, पण सांगितलेत तर ही दोन वाक्येही सोबत सांगा.

प्रयोगवही_नागपूर

संशोधनाबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी जीवशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि माझ्या आजीला हा कंप आहे.

आनुवंशिकता ठळक असूनही एकच ठाम जनुक हाती लागलेले नाही. २००९ मध्ये आइसलँडच्या संशोधकांना लिंगो-१ या जनुकाचा संबंध आढळला, परंतु त्याने थोडीशीच जोखीम स्पष्ट होते. अशा पाहण्यांतील लोक मुख्यत्वे युरोपीय वंशाचे आहेत. आपल्याकडे तीन-चार पिढ्या एकाच गावात राहिलेली घरे आहेत आणि कुणाची मान हलत असे, कुणाचा हात कापत असे, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. ती माहिती कागदावर उतरवणे हे संशोधनाचे पहिले पाऊल आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. अमेरिकेत या आजाराचे रुग्ण मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी दान करतात. त्यांतून लहान मेंदूतील पर्किंजे पेशींमध्ये बदल आढळले आहेत. अर्थात, बिघाड नेमका कोठे सुरू होतो यावर अजून वाद आहेत.

गोळ्यांनी भागत नाही अशांसाठी थॅलॅमस या मेंदूच्या भागावर उपचार करतात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे बेनाबीद यांनी १९८७ मध्ये तेथे तार बसवून सततचा विद्युतप्रवाह देण्याची पद्धत सुरू केली. कवटी न उघडता, ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून तेवढाच ठिपका जाळण्याची नवी पद्धत आहे. तिला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्या वर्षीच्या चाचणीत ७६ रुग्ण होते. खरा उपचार मिळालेल्यांचा हाताचा कंप तीन महिन्यांनी सरासरी ४७ टक्के कमी झाला, तुलनेसाठी नुसता दाखवण्यापुरता खोटा उपचार मिळालेल्यांचा जवळजवळ बदललाच नाही. मात्र काहींना बधिरपणा आला, काहींचा तोल गेला, आणि थोड्यांमध्ये तो त्रास वर्षानंतरही राहिला. हे उपचार मोठ्या शहरांतच मिळतात आणि खर्चीक आहेत. आजीला मी हे सर्व समजावून सांगितले. तिने विचारले, "मग माझा वरणभात कोण खाऊ घालणार आहे आज?" त्यामुळे मीही तेथूनच सुरुवात केली.

माय_माझी_पवनी

वरणभाताचे आम्ही काय केले ते सांगते. काठ उभे असलेली जड पितळी थाळी घेतली, ती ओल्या फडक्यावर ठेवली की सरकत नाही. चमचा बंद केला. आई भात घट्ट कालवून हाताने खाते आणि कोपर पाटावर टेकवते. चहा कपबशीऐवजी जड बुडाच्या स्टीलच्या पेल्यात, अर्धाच भरून, दोन हातांनी. पाहुण्यांत फक्त तिलाच वेगळा पेला दिला तर ती चहा घेत नाही, म्हणून आता आमच्या घरी सर्वांनाच अर्धा पेला मिळतो. काळा चहा आणि उपाशीपोट या दोन्हींनी तिची थरथर वाढते, हे आम्ही वहीत लिहून ठेवल्यावर लक्षात आले.

वर्धाकाठ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

खातेवहीकाकांनी सांगितल्याप्रमाणे नमुना सहीचा अर्ज दिला. पहिल्या दिवशी तो घेतला नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचे पत्र पाहून घेतला. वडिलांनी नवी सही घरी वहीत चाळीस वेळा केली. अंगठ्याला त्यांचा नकारच होता. कर्जाचे नूतनीकरण झाले. प्रोप्रॅनोलॉल सुरू आहे, नाडी अधूनमधून मोजतो. दर रविवारी ते एकाच आकाराच्या कागदावर शंखाचे वळण काढतात आणि खाली तारीख घालतात. तिसऱ्या कागदावरील रेषा पहिल्यापेक्षा थोडी शांत आहे, पण खूप नाही.

बैठकीबद्दल. आमच्या व शेजारच्या दोन गावांतून मी विचारपूस केली तेव्हा सात माणसे पुढे आली. त्यांपैकी दोघे वडिलांच्या शाळासोबतीचे होते आणि एकमेकांचे हात कापतात हे त्यांना माहीत नव्हते. पोळ्यानंतरच्या रविवारी सकाळी आमच्या घरी बसू. पवनीच्या ताईंच्या घरच्यासारखा सर्वांना अर्धा पेला चहा असेल. येणाऱ्यांनी आजोबा-पणजोबांपर्यंतची आठवेल ती माहिती कागदावर आणावी; नागपूरचे विद्यार्थी ती नीट मांडून देणार आहेत.

संत्राबाग_वरुड

मी येतो. ज्यांची दारू कंपामुळे सुरू झाली असेल त्यांच्याशी मला वेगळे बोलता येईल का?

वर्धाकाठ

नक्की. मागच्या पडवीत बसता येईल.

आरोग्यकेंद्र_यवतमाळ

मीही प्रयत्न करतो. येणाऱ्या प्रत्येकाने सध्या सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत, आणि दम्याचा पंप असेल तर तोही.